पेशींचे निरोप आणि कॅन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कॅन्सरचा डॉक्टर. आठवड्यातले तीन दिवस परळला ओपीडी, उरलेले दिवस प्रयोगशाळा. ओपीडीत नातेवाईक विचारतात, लग्नाच्या पंगतीत मामा विचारतात. परवा तर डोंबिवली फास्टमध्ये शेजारच्या गृहस्थांनी माझ्या हातातला कागद वाचून घाटकोपर ते ठाणे एवढ्या वेळात चार प्रश्न विचारले. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली. क्रम मात्र लावलेला नाही, आठवले तसे लिहिलेत.

तुम्ही डॉक्टर की शास्त्रज्ञ? एक काय ते सांगा.

दोन्ही. ओपीडीत पडलेला प्रश्न प्रयोगशाळेत न्यायचा आणि उत्तर मिळालंच तर ते परत ओपीडीत आणायचं, अशी ही येरझार आहे. समजा, दोन बायकांना एकाच प्रकारचा स्तनाचा कॅन्सर, स्टेज एक, औषध एक. एकीची तब्येत दोन वर्षं ठणठणीत आणि दुसरीचा आजार चार महिन्यांत उलटला. नातेवाईक विचारतात, "असं का?" त्या "का"चा पाठपुरावा करणं हे माझं दुसरं काम.

मुंबईला ही परंपरा नवी नाही. टाटा मेमोरियल १९४१ मध्ये परळला सुरू झालं. तिथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं केलं. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे खानोलकरांच्या हाताखाली तयार झाल्या. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी काचेच्या भांड्यात जगवायला शिकून त्या परत आल्या आणि इथे ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा थाटली. आज आम्ही इन्क्युबेटरचं दार उघडून लालसर द्रावणातल्या पेशी बाहेर काढतो, ती वाट त्यांनी पाडलेली आहे.

"सेल सिग्नलिंग" म्हणजे नक्की काय?

पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. आता वाढ, आता थांब, आता जागा सोड.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. पाणी उतरलं की फ्लोट खाली येतो आणि पंप चालू होतो. टाकी भरली की फ्लोट वर जातो, पंप बंद. वॉचमन झोपला तरी चालतं. शरीरातही बहुतेक कामं अशीच होतात.

कांदा चिरताना बोट कापलं असं समजा. जखमेपाशी वाढीचा निरोप देणारी प्रथिनं सुटतात. त्यातलं एक ईजीएफ. स्टॅन्ली कोहेन यांनी ते शोधलं आणि १९८६ मध्ये रिटा लेव्ही-मोन्टाल्चिनी यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. हे ईजीएफ कातडीच्या पेशीवरच्या, निरोप पकडणाऱ्या ईजीएफआर नावाच्या कडीला लागतं. मग शेजारशेजारच्या दोन कड्या जोडीला येतात आणि पेशीच्या आत असलेल्या एकमेकींच्या शेपटांवर फॉस्फेट चिकटवतात. हे चिकटवण्याचं काम करणाऱ्या प्रथिनाला कायनेज म्हणतात. तिथून निरोप रासकडे, रासकडून राफकडे, मग मेक, मग अर्क, आणि अर्क थेट केंद्रकात जाऊन सांगतं की दोनाच्या चार व्हा. जखम भरून येते.

मला विचाराल तर खरी गंमत यापुढे आहे. जखम भरली की हे सगळं थांबायला लागतं. रास चालू होतं आणि स्वतःच स्वतःला बंदही करतं. त्याला हात द्यायला दुसरं प्रथिन असतं. शेजारच्या पीआय३के नावाच्या वाटेवर पीटेन नावाचा ब्रेक बसलेला असतो. चालू करण्यापेक्षा बंद करण्याचीच व्यवस्था जास्त.

मग कॅन्सरमध्ये बिघडतं काय?

पंप बंद होत नाही. गच्चीवरून पाणी जिन्यात येतं, पण पंप आपला चालूच.

बिघाड मात्र दरवेळी वेगळा असतो. रास प्रथिनाच्या साखळीत बाराव्या जागी ग्लायसिन हे अमिनो आम्ल असतं. त्याच्या जागी दुसरं काही आलं की रासला स्वतःला बंद करणं जमत नाही, म्हणजे स्विच चालू अवस्थेतच चिकटला. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये हर-टू ही कडी एका पेशीवर वाजवीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त उगवते. एकाच दाराला पन्नास बेल, आणि त्या आपोआप वाजतात. कुठे पीटेनच नाहीसं झालेलं असतं, म्हणजे फ्लोट तुटून पडला.

मराठीत निरोप या शब्दाला दुसराही अर्थ आहे. खराब झालेल्या पेशीने शहाणपणाने निरोप घ्यायचा असतो, तशी सोय तिच्यात मुळातच असते. कॅन्सरची पेशी तो घेत नाही. लग्न उरकलं, मांडव उतरवला, तरी हा पाहुणा पंगतीतच बसलेला.

हा आजार बाहेरून येतो का? लागतो का?

लागत नाही. एका ताटात जेवा. काही विषाणू कॅन्सरला कारण होतात, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा एचपीव्ही त्यातलाच, पण खुद्द कॅन्सर शेजारच्याला होत नाही.

या निरोपांचा शोध कुणी लावला?

सुरुवात एका कोंबडीपासून. न्यूयॉर्कमध्ये पेटन राउस यांनी १९११ मध्ये दाखवलं की कोंबडीच्या गाठीचा अगदी बारीक गाळलेला रस दुसऱ्या कोंबडीला टोचला की तिलाही गाठ होते. त्या रसात विषाणू होता. फार कुणी मनावर घेतलं नाही. त्यांना नोबेल मिळालं १९६६ मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी.

पुढे हॅरल्ड वार्मस आणि मायकेल बिशप यांनी १९७६ मध्ये दाखवलं की त्या विषाणूतलं कॅन्सर करणारं सार्क जनुक मुळात विषाणूचं नाहीच. ते कोंबडीच्या स्वतःच्या पेशीतून उचललेलं आहे, आणि तसंच जनुक निरोगी पेशींमध्येही असतं. हे दोघंही शिकलेले डॉक्टर. १९८९ चं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं. चोर घरातलाच निघाला, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो.

सार्क नक्की करतं काय, हे १९७९ मध्ये टोनी हंटर यांना सापडलं, आणि तेही आळसामुळे. त्यांनी ताजं द्रावण न बनवता जुनंच वापरलं. त्याची आम्लता बदललेली होती, आणि म्हणून एरवी एकत्र दिसणारे दोन ठिपके वेगळे झाले. नवा ठिपका होता टायरोसिन या अमिनो आम्लावर बसलेल्या फॉस्फेटचा. म्हणजे सार्कही एक कायनेजच. आमच्याकडची पोरं जुनं द्रावण वापरताना सापडली की हीच गोष्ट मला ऐकवतात. मी द्रावण ओतून देतो.

एक गोळी देऊन हा निरोप बंद करता येत नाही का?

येतो, आणि त्याचा सगळ्यात देखणा नमुना म्हणजे सीएमएल हा रक्ताचा कॅन्सर. फिलाडेल्फियात १९६० मध्ये नोवेल आणि हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक बुटकं गुणसूत्र दिसलं. जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केलेत. त्या जोडावर बीसीआर-एबीएल नावाचं नवंच प्रथिन तयार होतं. तोही एक कायनेज, कायम चालू.

ब्रायन ड्रुकर या डॉक्टर-संशोधकाने नेमकं ते बंद करणाऱ्या रेणूचा पिच्छा पुरवला. तो रेणू म्हणजे इमॅटिनिब. पहिल्या चाचणीत पुरेसा डोस मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचं रक्त जागेवर आलं. अमेरिकेत २००१ मध्ये औषधाला मान्यता मिळाली. त्याआधी सीएमएल म्हटलं की डॉक्टर काही वर्षांचा हिशेब मांडायचे. मोठ्या चाचणीत इमॅटिनिबवर सुरुवात केलेल्यांपैकी १० वर्षांनी ८३ टक्के हयात होते. आज माझ्या ओपीडीत सीएमएलचे लोक येतात, रिपोर्ट दाखवतात आणि ५.१४ पकडायला पळतात.

मग सगळ्याच कॅन्सरना अशी गोळी का देत नाही?

कारण सीएमएलमध्ये बिघाड एकच आणि तोच मुळाशी. बाकी बहुतेक गाठींमध्ये बिघाडांची यादी असते आणि मुख्य कोण ते आधी शोधावं लागतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू जास्त असलेल्या १५ ते २० टक्के. त्यांच्यासाठी ट्रास्टुझुमॅब हे औषध आहे, बाकीच्यांना त्याचा उपयोग नाही. मुंबईत फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ९०० वर रुग्णांची तपासणी झाली होती, त्यात सुमारे २३ टक्क्यांत ईजीएफआरचा बदल सापडला. त्यांना गेफिटिनिब किंवा अर्लोटिनिबसारखी गोळी लागू पडते. उरलेल्यांना तीच गोळी दिली तर पैसे आणि वेळ दोन्ही गेले. म्हणून "शेजाऱ्यांना या गोळीने गुण आला, आम्हालाही लिहून द्या" याला माझं उत्तर एकच असतं: आधी ब्लॉक दाखवा.

ब्लॉक म्हणजे काय?

यावर जरा सविस्तर, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

बायोप्सीचा तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये बुडवतात आणि मग मेणात गोठवतात. प्लॅस्टिकच्या चपट्या डबीवर बसलेला मेणाचा हा ठोकळा म्हणजे ब्लॉक. त्यातून माणसाच्या केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढून काचेवर चढवतात. हर-टू, ईजीएफआर, सगळं या कापांवर तपासता येतं. एकदा नव्हे, पुढेही. पाच वर्षांनी नवं औषध आलं तर त्याची तपासणीही याच ठोकळ्यावर होऊ शकते. घराच्या कागदपत्रांसारखा तो जपायचा.

गेल्या मे महिन्यात सांगलीकडचं एक कुटुंब आलं. आईची फाइल कापडी पिशवीत नीट लावलेली, प्रत्येक रिपोर्टला प्लॅस्टिकचं कव्हर. ब्लॉक मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून जीपच्या काचेपाशी, उन्हात ठेवलेला. हे मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं. ठोकळ्याची एक बाजू पाघळून कागदाला चिकटली होती, आणि कागदावरची राशिभविष्याची अक्षरं मेणात उलटी उमटली होती. तुकडा खोलवर असल्याने थोडक्यात वाचला. मुलगा म्हणाला, "मेणबत्तीचा तुकडा असेल असं वाटलं, साहेब. टाकूनच देणार होतो."

तेव्हा ब्लॉक सावलीत न्या, साध्या डबीत ठेवा. बर्फात घालायची गरज नाही. बायोप्सीनंतर बरणी तुमच्या हातात दिली तर आत फॉर्मॅलिनच आहे ना, हे विचारून घ्या. सलाइनमध्ये राहिलेला तुकडा बिघडतो. हर-टूच्या तपासणीसाठी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास असावा असा दंडक आहे. म्हणजे शनिवारी काढलेली बरणी मंगळवार संध्याकाळपर्यंत कपाटात पडून राहिली तर वेळ टळलेली असते. आणि तपासणी झाली की ब्लॉक परत मागून घ्या. मागितल्याशिवाय तो सहसा परत येत नाही.

गोळी सुरुवातीला लागू पडते, मग काम करेनाशी का होते?

माझ्या कामाचा मोठा भाग हाच आहे. पेशी दुसरी वाट काढते. कधी गोळी जिथे बसते ती खाचच बदलते. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये गेफिटिनिब थकली की सुमारे निम्म्या रुग्णांत टी७९०एम नावाचा बदल सापडतो. त्यावर ओसिमर्टिनिब आलं.

कधी खाच तीच राहते, पण निरोप गल्लीबोळातून जातो. इथे माझी टाकीची उपमा तोकडी पडते. सोसायटीचा पंप एका तारेवर चालतो, पेशीत तारांचं जाळं असतं आणि एक तार ओढली की दुसरी सैल पडते. बी-राफ या राफच्याच एका प्रकारातला व्ही६००ई हा बदल घ्या. मेलानोमा या कातडीच्या कॅन्सरमध्ये तो सापडला तर वेमुराफेनिबने जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही नेमका तोच बदल असतो, पण तिथे त्याच गोळीने जवळजवळ काहीच झालं नाही. बदल एक, औषध एक, अवयव वेगळा. उत्तर २०१२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या गटाने दिलं: बी-राफ बंद केलं की वर ईजीएफआरला लागलेला लगाम सुटतो आणि तो दुसऱ्या वाटेने निरोप धाडू लागतो. मेलानोमाच्या पेशींवर ईजीएफआर फारसा नसतोच, म्हणून तिथे ही पळवाट नाही. आता आतड्याच्या कॅन्सरला दोन्ही एकदम बंद करणारी जोडी देतात. तो शोधनिबंध वाचल्याच्या रात्री मला झोप आली नव्हती, हे खरं सांगतो.

आणि कधी पेशीचा काहीच दोष नसतो. सीएमएलचे एक काका इमॅटिनिबवर तीन वर्षं उत्तम होते. अचानक बीसीआर-एबीएलचा आकडा चढायला लागला. मी लगेच जनुकीय तपासणी मागवली, रिपोर्ट स्वच्छ आला. मी विचारलं, "काका, आणखी काही औषध घेता का?" ते म्हणाले, "नाही हो." तेवढ्यात काकू म्हणाल्या, "लघवी जरा नारिंगी होते यांना." आणि त्यांनी पिशवीतून टीबीच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. त्यात रिफॅम्पिसिन होतं. या औषधामुळे यकृत इमॅटिनिबचा फार लवकर निचरा करून टाकतं. काकांच्या लेखी त्या गोळ्या "औषध" नव्हत्याच, तो "कोर्स" होता. प्रश्न मी चुकीचा विचारला होता. टीबीच्या डॉक्टरांशी बोलून औषधांची मांडणी बदलली आणि आकडा खाली आला. टीबीच्या गोळ्या कुणीही मनाने बंद करू नयेत, हेही इथेच सांगून टाकतो.

या गोळ्यांना "साइड इफेक्ट नसतात" हे खरं का?

नाही. निरोपाची वाट कॅन्सरच्या एकट्याच्या मालकीची नसते. ईजीएफआर कातडीलाही लागतं, म्हणून अर्लोटिनिबवर चेहऱ्याला आणि छातीला तारुण्यपीटिकांसारखं पुरळ येतं. एक आजी म्हणाल्या होत्या, "सत्तरीत मुरुमं आली, आता स्थळं बघा!" पुरळ आलं म्हणून गोळी सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. हर-टूचं हृदयाच्या स्नायूंतही काम असतं, म्हणून ट्रास्टुझुमॅब चालू असताना ठरावीक काळाने टूडी इको करावा लागतो.

तोंडाच्या कॅन्सरसाठी अशी गोळी का नाही?

आपल्याकडे सगळ्यात जास्त लागेल तिथेच हात अपुरे पडतात. तंबाखू, गुटखा, मिश्री यांनी होणाऱ्या कॅन्सरमध्ये अडकलेल्या स्विचपेक्षा तुटलेले ब्रेक जास्त दिसतात. अडकलेला स्विच औषधाने दाबून धरता येतो, मोडलेला ब्रेक गोळीने परत बसवणं अजून जमलेलं नाही.

तरी मुंबईतच एक काम झालं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी बळावलेल्या किंवा उलटलेल्या, डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये (तोंडाचा त्यातच येतो) मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब या तीन स्वस्त गोळ्यांसोबत निवोलुमॅब हे प्रतिकारशक्तीला जोर देणारं इंजेक्शन दिलं. तेही नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहून कमी, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. वर्षभराने हयात असलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर सुमारे १६ टक्के होतं, ते ४३ टक्के झालं. आजार बरा झाला असं याला म्हणता येत नाही. पण ज्या घरांना पूर्ण मात्रा कधीच परवडली नसती, त्यांना वेळ मिळाला.

खर्च किती येतो?

औषधावर आहे. ग्लिवेक या ब्रँडच्या इमॅटिनिबला महिन्याला लाखाच्या वर खर्च यायचा, जेनेरिकला आठ-दहा हजार. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी त्या ब्रँडचा पेटंटचा दावा फेटाळला. ट्रास्टुझुमॅबचीही भारतीय आवृत्ती आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयाच्या सोशल वर्करना पहिल्याच दिवशी विचारा, दागिने मोडल्यावर नको.

साखर बंद करू का? कॅन्सर साखरेवर जगतो म्हणतात.

कॅन्सरच्या बऱ्याच पेशी ग्लुकोज अधाशासारखं ओढतात हे खरं. पेट स्कॅन त्याच हव्यासावर चालतो. पण चहातली साखर सोडून गाठ उपाशी मरत नाही, शरीर ग्लुकोज तयार करतंच. उपास करून वजन घटवलेल्या रुग्णाला केमो झेपत नाही. अल्पेलिसिब नावाची गोळी घेणाऱ्यांनी मात्र साखर सांभाळावी. ती पीआय३केची वाट अडवते, आणि इन्सुलिनही त्याच वाटेने जातं, म्हणून रक्तातली साखर चढते.

हळद?

भाजीत जरूर घाला. काचेच्या भांड्यात हळदीतलं कुर्क्युमिन बरेच निरोप अडवतं, पण तोंडाने घेतलेलं रक्तात फारसं पोचतच नाही. कॅप्सूल घेत असाल तर लपवू नका. पपनस आणि ग्रेपफ्रूट खाल्ल्याने कॅन्सरच्या काही गोळ्यांची रक्तातली पातळी चढू शकते. ॲसिडिटीच्या गोळीने अर्लोटिनिब नीट शोषलं जात नाही.

कार-टी म्हणजे वेगळं काही का?

वेगळं, पण आमच्याच गावचं. रुग्णाच्या टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी, काढून त्यांच्यावर नवी कडी बसवतात. ती कडी कॅन्सरपेशीला लागली की टी-पेशीच्या आत "मार" असा निरोप जातो. इथे निरोप अडवायचा नसतो, मुद्दाम धाडायचा असतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ते काही ठरावीक रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, गाठीच्या कॅन्सरसाठी नाही.

प्रयोगशाळेत उंदीर बरे होतात, मग माणसं का नाही?

आमच्या उंदरांना एकच गाठ, एकच बिघाड, एकच वय. मधुमेह नाही, टीबी नाही, विरारहून उभ्याने प्रवास नाही. रासचंच बघा. माणसाच्या कॅन्सरमध्ये ते १९८२ मध्ये सापडलं. औषध बसेल अशी खाच त्याच्या जी१२सी या एका प्रकारात २०१३ मध्ये दिसली आणि पहिली गोळी, सोटोरासिब, २०२१ मध्ये आली.

संशोधनासाठी माझा तुकडा दिला तर मला काय मिळेल?

बहुधा काहीच नाही. सही घेण्याआधी मी हे स्पष्ट सांगतो. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडत नाही.

रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला तर सांगाल का?

नाही. या, आणि येताना ब्लॉक, स्लाइड आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी आणा. सगळ्या म्हणजे बीपीच्या, टीबीच्या, वैद्यांच्या, मुलाने अमेरिकेहून पाठवलेल्या. आणि ज्या "औषधात धरत नाही" त्याही.